दाबवाहिनीच्या भिंतीची आवश्यक जाडी : संहितेतील सूत्र आणि राखीव जाडीचा हिशेब

सारांश

दाबाखाली द्रव अथवा वायू वाहून नेणाऱ्या पाइपच्या भिंतीची जाडी किती असावी, हे ठरविण्यासाठी अभियांत्रिकी संहितांनी सूत्रे दिली आहेत. प्रस्तुत लेखात या सूत्राची पूर्वपीठिका, त्यातील प्रत्येक घटकाचा अर्थ आणि एक सविस्तर उदाहरण दिले आहे. दाबाला तोंड देणारी जाडी, गंजासाठी राखून ठेवलेली जाडी आणि निर्मितीतील तफावतीसाठी धरलेली जाडी असे भिंतीचे तीन भाग पडतात. त्यांपैकी पहिला भाग सूत्राने अचूक मिळतो. अपघातांचे मूळ मात्र बहुधा उरलेल्या दोन भागांविषयीच्या अनास्थेत आढळते, असे लेखात प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : दाबवाहिनी, परिघीय प्रतिबल, अनुज्ञेय प्रतिबल, राखीव जाडी, संकल्पन संहिता, उर्वरित आयुष्य.

१. प्रस्तावना

औद्योगिक प्रकल्पात बॉयलर, टर्बाइन, पंप यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते. त्यांना जोडणारा पाइप मात्र एकदा बसवला आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढले, की दृष्टिआड होतो. त्याची भिंत आतून किती झिजली, हे बाहेरून दिसत नाही.

९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधील मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात याचा प्रत्यय आला. टर्बाइनकडून परत येणारे तप्त पाणी वाहून नेणारा सुमारे ५६० मिलिमीटर व्यासाचा पाइप अचानक फाटला. नियोजित तपासणीच्या तयारीसाठी इमारतीत आलेले ११ कामगार वाफेच्या लोटात सापडले. त्यांतील ५ जणांचा मृत्यू झाला. या पाण्यात किरणोत्सार नव्हता. पाइप बसवला तेव्हा त्याची भिंत १० मिलिमीटर जाड होती. नियमानुसार ती किमान ४.७ मिलिमीटर असणे आवश्यक होते. फाटल्यानंतर सर्वांत पातळ जागी ती ०.४ मिलिमीटर उरल्याचे आढळले. हा संच १९७६ पासून चालू होता आणि त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती जागा सुटली होती.

१०, ४.७ आणि ०.४ या तीन आकड्यांत पाइपच्या संकल्पनाचे सारे शास्त्र सामावले आहे. मधला आकडा गणिताने मिळतो. पहिला आकडा अभियंत्याची दूरदृष्टी दाखवितो. तिसरा आकडा, ती दूरदृष्टी पुढे कोणी सांभाळली नाही, हे सांगतो. महाविद्यालयीन अध्यापनात मधल्या आकड्यावर जितका भर दिला जातो, तितका उरलेल्या दोहोंवर दिला जात नाही. म्हणून या तिन्हींमधील नाते उलगडून पाहणे उपयुक्त ठरेल.

२. सूत्राची पूर्वपीठिका

नळाची जाडी आणि पाण्याचा दाब यांच्या संबंधाचा विचार सतराव्या शतकातच सुरू झाला होता. व्हर्साय येथील राजवाड्याच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एद्म मारिओत याने पाण्याने भरलेल्या पिंपावर उंच नळी उभी करून, ती पाण्याने भरत नेऊन, पिंप केव्हा फुटते याचे प्रयोग केले. नळाची आवश्यक जाडी ही दाबाच्या आणि व्यासाच्या समप्रमाणात असते, हा त्याचा निष्कर्ष होता. आजच्या सूत्राचा गाभा हाच आहे.

हा संबंध समजण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. पाइप लांबीच्या दिशेने मधोमध उभा चिरला आहे, अशी कल्पना करावी. आतील दाब या दोन अर्धभागांना एकमेकांपासून दूर लोटतो. एकक लांबीवर हे बल दाब गुणिले व्यास इतके असते. त्याला विरोध करतात त्या चिरेवरील दोन्ही बाजूंच्या भिंती. भिंतीच्या एकक क्षेत्रफळावर निर्माण होणाऱ्या अंतर्गत विरोधाला प्रतिबल म्हणतात. त्यामुळे भिंतींचा एकूण विरोध दोन गुणिले जाडी गुणिले प्रतिबल इतका होतो. समतोलासाठी ही दोन्ही बले समान असावी लागतात :

दाब × व्यास = २ × जाडी × प्रतिबल

हे परिघाच्या दिशेने काम करणारे प्रतिबल असल्याने त्याला परिघीय प्रतिबल म्हणतात. पाइपच्या लांबीच्या दिशेने दाबामुळे निर्माण होणारे प्रतिबल याच्या जवळजवळ निम्मे असते. अतिदाबाने फुटणारा पाइप बहुधा लांबीच्या दिशेने चिरत जातो, त्याचे कारण हेच.

हा संबंध इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो (१७७६–१८६२) याच्या नावाने ओळखला जातो. परिघीय प्रतिबल भिंतीच्या संपूर्ण जाडीत सारखेच आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. पातळ भिंतीसाठी हे गृहीतक चालते. जाड भिंतीत मात्र आतील पृष्ठावर प्रतिबल अधिक आणि बाहेरील पृष्ठावर कमी असते. फ्रेंच गणितज्ञ गाब्रिएल लामे याने क्लापेरॉनच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाड भिंतीच्या नळकांड्यांसाठी अचूक समीकरणे मांडली. ती अचूक असली तरी रोजच्या वापरास सुटसुटीत नव्हती. आजच्या संहितांनी बार्लोच्या सोप्या सूत्राला एक छोटी दुरुस्ती जोडून लामेच्या उत्तराजवळ जाण्याचा मार्ग स्वीकारला आहे.

३. संहितांचा उदय

सूत्र माहीत असूनही एकोणिसाव्या शतकात बॉयलर आणि वाफेच्या नळ्या फुटतच राहिल्या. कारण कोणते प्रतिबल सुरक्षित मानावे, याबाबत एकवाक्यता नव्हती. भारतात १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या बॉयलरच्या स्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालसाठी बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे संपूर्ण देशासाठी भारतीय बॉयलर अधिनियम, १९२३ आणि त्याखालील भारतीय बॉयलर विनियम, १९५० आले. १९२३ च्या अधिनियमाची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांतील बाष्पनळ्या याच कायदेशीर चौकटीत येतात.

अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे पादत्राणांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ जण मृत्युमुखी पडले. त्या राज्याने १९०७ मध्ये बॉयलरविषयक कायदा केला. त्यानंतर अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स, म्हणजेच एएसएमई, या संस्थेने १९१४ च्या आवृत्तीच्या रूपाने आपली पहिली बॉयलर संहिता सिद्ध केली. पाइपसाठीच्या संहितेचे काम १९२६ मध्ये सुरू झाले आणि तिची पहिली आवृत्ती १९३५ मध्ये निघाली. पुढे उपयोगानुसार तिचे भाग पडले. वीजनिर्मिती केंद्रांसाठी बी ३१.१, तेलशुद्धीकरण व रासायनिक प्रकल्पांसाठी बी ३१.३, द्रव-इंधनवाहिन्यांसाठी बी ३१.४ आणि वायुवाहिन्यांसाठी बी ३१.८ हे त्यांतील प्रमुख भाग होत.

४. संहितेतील सूत्र आणि त्याचे घटक

बी ३१.३ या संहितेत अंतर्गत दाब असलेल्या सरळ पाइपसाठी दिलेले सूत्र मराठी अक्षरचिन्हांत पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

जा = (दा × व्या) ÷ [२ × (प्र × गु × वे + दा × य)]

किमान आवश्यक जाडी = जा + रा

‘जा’ म्हणजे केवळ दाबासाठी लागणारी जाडी. ‘दा’ म्हणजे संकल्पन दाब. नेहमीच्या कामकाजातील दाब आणि संकल्पन दाब एक नव्हेत; पाइपच्या आयुष्यात दाब आणि तापमान यांची जी सर्वांत प्रतिकूल जोडी संभवते, तिच्यावरून संकल्पन दाब ठरतो. ‘व्या’ हा बाह्य व्यास होय. आतील व्यासाऐवजी बाह्य व्यास घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. प्रमाणित पाइपचा बाह्य व्यास स्थिर असतो. जाडी बदलली की आतील व्यास बदलतो.

‘प्र’ म्हणजे अनुज्ञेय प्रतिबल. सूत्रातील इतर राशी मोजता येतात. ही राशी मात्र अभियंत्यांच्या सामूहिक निर्णयाने ठरते. सामान्य तापमानाला बी ३१.३ नुसार अनुज्ञेय प्रतिबल हे पोलादाच्या तन्य सामर्थ्याचा, म्हणजे तुटेपर्यंत सोसलेल्या कमाल प्रतिबलाचा, एक-तृतीयांश आणि यील्ड सामर्थ्याचा, म्हणजे ज्या पातळीपलीकडे पोलाद कायमचे ताणले जाते तिचा, दोन-तृतीयांश यांपैकी लहान असलेल्या मूल्यापलीकडे जाऊ दिले जात नाही. एएसटीएम ए-१०६ ग्रेड बी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कार्बन पोलादाचे किमान तन्य सामर्थ्य ४१५ मेगापास्कल आणि किमान यील्ड सामर्थ्य २४० मेगापास्कल आहे. पहिल्याचा तृतीयांश १३८ आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश १६० येतो. म्हणून १३८ मेगापास्कल हे मूल्य स्वीकारले जाते. तापमान वाढले की हे मूल्य घटते. कार्बन पोलाद ४२७ अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिल्यास त्यातील कार्बन ग्राफाइटच्या रूपात वेगळा होऊ शकतो, असा इशाराही संहितेत आहे.

‘गु’ हा गुणवत्ता गुणक. अखंड म्हणजे सीमलेस पाइपसाठी तो १.०० असतो. विद्युत-रोधनाने वेल्ड केलेल्या ईआरडब्ल्यू पाइपसाठी तो ०.८५ आणि भट्टीत तापवून कडा जोडलेल्या पाइपसाठी ०.६० असतो. ‘वे’ हा उच्च तापमानाला वेल्डच्या सामर्थ्यात होणारी घट दर्शविणारा गुणक असून सामान्य तापमानाला तो १ असतो.

‘य’ ही वर उल्लेखिलेली छोटी दुरुस्ती. जाडी बाह्य व्यासाच्या एक-षष्ठांशापेक्षा कमी असेल आणि तापमान ४८२ अंशांपर्यंत असेल, तर पोलादासाठी तिचे मूल्य ०.४ आहे. ‘य’ शून्य धरल्यास बाह्य व्यासाचे बार्लो सूत्र मिळते, ०.५ धरल्यास बाह्य आणि आतील व्यासांच्या सरासरीवर आधारलेले सूत्र मिळते. भारतीय बॉयलर विनियमांतील बाष्पनळीचे सूत्र दिसायला वेगळे असले तरी बाह्य व्यासातून जाडी वजा करणारे असल्याने या दुसऱ्या प्रकारात बसते.

५. एक उदाहरण

बाह्य व्यास २१९.१ मिलिमीटर असलेला, म्हणजे बाजारात आठ इंची म्हणून ओळखला जाणारा, ए-१०६ ग्रेड बी सीमलेस पाइप घ्यावा. संकल्पन दाब ५ मेगापास्कल आणि तापमान १५० अंश सेल्सिअस मानावे. या तापमानाला अनुज्ञेय प्रतिबल १३८ मेगापास्कलच राहते.

जा = (५ × २१९.१) ÷ [२ × (१३८ + ५ × ०.४)] = १०९५.५ ÷ २८० = ३.९१ मिलिमीटर

याच पाइपसाठी बार्लोचे बाह्य व्यासाचे सूत्र ३.९७ मिलिमीटर आणि लामेचे अचूक समीकरण ३.९० मिलिमीटर देते. तिन्ही उत्तरांतील कमाल फरक ०.०७ मिलिमीटर इतकाच आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरण येथे संपले तरी संकल्पकाचे काम येथे संपत नाही.

पाइप २० वर्षे वापरायचा असून गंजाचा अपेक्षित वेग वर्षाला ०.१५ मिलिमीटर आहे, असे मानू. त्यासाठी ३ मिलिमीटर जाडी राखून ठेवावी लागेल. पाइपला आटे पाडायचे असल्यास आट्यांची खोलीही राखीव जाडीत मिळवावी लागते. येथे सर्व सांधे वेल्डचे आहेत.

किमान आवश्यक जाडी = ३.९१ + ३.०० = ६.९१ मिलिमीटर

आता बाजारातील पाइप पाहावेत. प्रमाणित जाड्यांना शेड्यूल क्रमांक दिलेले असतात. आठ इंची पाइपच्या शेड्यूल २० ची जाडी ६.३५, शेड्यूल ३० ची ७.०४, शेड्यूल ४० ची ८.१८ आणि शेड्यूल ६० ची १०.३१ मिलिमीटर आहे. ६.९१ पेक्षा ७.०४ अधिक असल्याने शेड्यूल ३० पुरेसा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. येथेच चूक होते. सीमलेस पाइपची प्रत्यक्ष जाडी नाममात्र जाडीपेक्षा १२.५ टक्क्यांपर्यंत कमी असली तरी उत्पादन मानकात बसते. ७.०४ मिलिमीटरचा पाइप काही ठिकाणी ६.१६ मिलिमीटर असू शकतो. म्हणून आवश्यक जाडीला ०.८७५ ने भागून मागणी नोंदवावी लागते :

६.९१ ÷ ०.८७५ = ७.९० मिलिमीटर

यासाठी शेड्यूल ४० निवडावा लागतो. त्याची कमीत कमी संभाव्य जाडी ७.१६ मिलिमीटर असून ती ६.९१ पेक्षा अधिक आहे.

हाच पाइप ईआरडब्ल्यू प्रकारचा घेतला आणि त्यालाही तीच उत्पादन-तफावत लागू असली, तर गुणवत्ता गुणक ०.८५ मुळे दाबासाठीची जाडी ४.५९ आणि मागणीची जाडी ८.६७ मिलिमीटर होते. शेड्यूल ४० अपुरा पडून शेड्यूल ६० घ्यावा लागतो. शेड्यूल ४० चे वजन मीटरला सुमारे ४२.५ किलो, तर शेड्यूल ६० चे सुमारे ५३ किलो असते. दर मीटरला दहा किलोंहून अधिक पोलाद केवळ एका वेल्डवरील अविश्वासापोटी वाढते.

लहान व्यासाच्या पाइपमध्ये चित्र आणखी बोलके होते. त्याच दाबाला ३३.४ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या एक इंची पाइपला दाबासाठी अवघी ०.६० मिलिमीटर जाडी पुरते. राखीव ३ मिलिमीटर आणि निर्मितीतील तफावत धरून ४.११ मिलिमीटरची मागणी करावी लागते आणि ४.५५ मिलिमीटरचा शेड्यूल ८० निवडला जातो. भिंतीचा अल्पसा भाग दाबासाठी, उरलेला सारा काळासाठी आणि निर्मितीतील अनिश्चिततेसाठी, अशी ही विभागणी आहे.

६. एकच पाइप, वेगळ्या संहिता

वरील आठ इंची पाइप रासायनिक प्रकल्पाऐवजी वीजनिर्मिती केंद्रात बसवायचा असेल, तर बी ३१.१ लागू होते. या संहितेत तन्य सामर्थ्याला ३ ऐवजी ३.५ ने भागतात. अनुज्ञेय प्रतिबल ११८ मेगापास्कलपर्यंत खाली येते आणि दाबासाठीची जाडी ३.९१ वरून ४.५६ मिलिमीटर होते. पोलाद तेच, दाब तोच. उत्तर मात्र वेगळे.

अशा गुणकांना निसर्गनियमांचे स्थान नाही. एएसएमईच्या दाबपात्र संहितेत, म्हणजे तिच्या आठव्या विभागाच्या पहिल्या भागात, हा भाजक १९९९ पर्यंत ४ होता. त्या वर्षी तो ३.५ करण्यात आला. पोलादाची गुणवत्ता, वेल्डिंग आणि तपासणीची साधने सुधारली, हे त्यामागील कारण होते. सुरक्षेचा गुणक म्हणजे त्या त्या काळातील अज्ञानाचे माप असते, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून चांगले समजावता येते.

वायुवाहिन्यांच्या बी ३१.८ संहितेत ही सामाजिक बाजू अधिक ठळक दिसते. तेथे यील्ड सामर्थ्याला एका संकल्पन गुणकाने गुणतात आणि तो गुणक वाहिनीच्या आसपास किती वस्ती आहे, यावरून ठरतो. विरळ वस्तीच्या मुलखात तो साधारणपणे ०.७२ असतो, बहुमजली इमारतींच्या दाट वस्तीत ०.४०. सामान्य तापमानाला २४० मेगापास्कल यील्ड सामर्थ्याच्या अखंड पाइपसाठी वरील दाब व व्यास घेतल्यास पहिल्या ठिकाणी ३.१७ आणि दुसऱ्या ठिकाणी ५.७१ मिलिमीटर जाडी येते. वायूला आसपासच्या घरांची माहिती नसते. संहितेला ती ठेवावी लागते. त्यामुळे शहराची हद्द वाढून वाहिनीच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या, तर जमिनीखालच्या न बदललेल्या पाइपचीही पुन्हा तपासणी करावी लागते.

७. सूत्राच्या मर्यादा

सरळ पाइपचे सूत्र वळणाला जसेच्या तसे लागू होत नाही. पाइप वाकवताना बाहेरील कड ताणली जाऊन पातळ होते आणि आतील कड जाड होते. प्रतिबलाचे वितरणही तसेच बदलते. व्यासाच्या दीडपट त्रिज्येच्या वळणात दाबाचा विचार करता आतील कडेला प्रतिबल सरळ पाइपच्या सव्वापट होते. बाहेरील कडेला ते सरळ पाइपच्या सात-अष्टमांश असते. संहितेने दोन्ही कडांसाठी स्वतंत्र गुणक दिले आहेत.

शिवाय हे सूत्र फक्त अंतर्गत दाबाचा विचार करते. पाइपचे आणि त्यातील द्रवाचे वजन, दोन आधारांमधील अंतर, तापमानामुळे होणारे प्रसरण, कंपने, शाखा काढण्यासाठी पाडलेले छिद्र, बाह्य दाबाने पाइप चेपण्याची शक्यता या सर्वांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

पाइप बसवल्यानंतर होणाऱ्या जलदाब चाचणीविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बी ३१.३ नुसार ही चाचणी मूलतः संकल्पन दाबाच्या दीडपट दाबाला घेतात. वरील पाइपसाठी ती ७.५ मेगापास्कलला होईल. त्या वेळी ८.१८ मिलिमीटरच्या नव्या भिंतीत सुमारे १०० मेगापास्कल प्रतिबल निर्माण होते. समजा, चुकून ५ मिलिमीटर जाडीचा पाइप बसवला गेला. तरी प्रतिबल सुमारे १६४ मेगापास्कल, म्हणजे २४० च्या यील्ड सामर्थ्याहून बरेच कमी राहते. तोही पाइप चाचणीत उत्तीर्ण होईल. चाचणी आजच्या सांध्यांची ग्वाही देते, विसाव्या वर्षीच्या भिंतीची देत नाही.

८. राखीव जाडी आणि तपासणी

सूत्राच्या निवडीने जाडीत ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो, हे वर पाहिले. गंजाचा वेग वर्षाला ०.१५ ऐवजी ०.२० मिलिमीटर निघाला, तर २० वर्षांत १ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे राखीव जाडीचा अंदाज हा साऱ्या हिशेबातील सर्वांत कच्चा दुवा आहे आणि त्याला प्रत्यक्ष मापनाचीच जोड द्यावी लागते.

कार्यरत पाइपच्या तपासणीसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची एपीआय ५७० ही संहिता वापरली जाते. तिच्यातील उर्वरित आयुष्याचे सूत्र अत्यंत साधे आहे :

उर्वरित आयुष्य = (मोजलेली जाडी – आवश्यक जाडी) ÷ झीज होण्याचा वेग

उदाहरणातील पाइपची एका जागी बसवताना मोजलेली जाडी ७.९ मिलिमीटर होती आणि १० वर्षांनी ती ५.९ मिलिमीटर भरली, असे समजू. झीज वर्षाला ०.२ मिलिमीटर झाली. दाबासाठी ३.९ मिलिमीटर जाडी लागत असल्याने २ मिलिमीटर शिल्लक आहे आणि उर्वरित आयुष्य १० वर्षे ठरते. पुढील मापन मात्र दहा वर्षांनी करून चालत नाही. उर्वरित आयुष्याचा निम्मा काळ, म्हणजे येथे ५ वर्षे, अथवा पाइपच्या वर्गानुसार ठरलेली कमाल मुदत, यांपैकी जी कमी त्या मुदतीत ते करावे लागते. बसवतानाची जाडी मोजून नोंदवली नसती आणि नाममात्र ८.१८ हाच आकडा धरला असता, तर झिजेचा वेग चुकीचा निघाला असता, हेही लक्षात घ्यावे.

मोजायचे कोठे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. झीज सर्वत्र सारखी होत नाही. मिहामा येथे प्रवाह मोजण्यासाठी बसवलेल्या छिद्रयुक्त चकतीच्या पुढील भागात पाण्याचा प्रवाह खवळलेला असे. अशा ठिकाणी कार्बन पोलादावरील संरक्षक ऑक्साइडचा थर सतत विरघळत राहतो आणि भिंत पातळ होत जाते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सरी अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात ९ डिसेंबर १९८६ रोजी अशाच प्रकारच्या झिजेमुळे पाण्याच्या पाइपचे वळण फुटून ४ जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर १८ वर्षांनी मिहामा घडले.

झिजेला कधी पोलादातील एखाद्या घटकाचे अल्प प्रमाण कारणीभूत ठरते. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ६ ऑगस्ट २०१२ रोजी आठ इंची कार्बन पोलादी पाइप फाटून भीषण आग लागली आणि परिसरातील सुमारे १५,००० लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. तप्त तेलातील गंधक-संयुगांनी पाइप आतून खाल्ला होता. ज्या तुकड्याची भिंत सुमारे ९० टक्के झिजली होती, त्यातील सिलिकॉनचे प्रमाण जेमतेम ०.०१ टक्का होते; सिलिकॉन ०.१० टक्क्यापेक्षा कमी असलेले कार्बन पोलाद गंधकापुढे लवकर झिजते. ए-१०६ या मानकात सिलिकॉन किमान ०.१० टक्का असण्याची अट आहे. ए-५३ या मानकात ती नाही. तरीही दोन्हींच्या ग्रेड बी सीमलेस पाइपना सामान्य तापमानाला बी ३१.३ मध्ये सारखेच अनुज्ञेय प्रतिबल दिले आहे. जाडीच्या सूत्राला हे दोन पाइप एकच वाटतात; गंधकाला ते वेगळे वाटतात.

९. समारोप

पाइपच्या भिंतीची आवश्यक जाडी ही तीन वेगवेगळ्या शास्त्रांची बेरीज आहे. दाबासाठीची जाडी बलशास्त्र सांगते, राखीव जाडी रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र सांगतात, तर निर्मितीतील तफावत कारखान्याची कार्यपद्धती ठरविते. त्यांवरील सुरक्षेचा गुणक समाजाने, अपघातांची किंमत मोजून, कालांतराने ठरविला आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्या भागाचे गणित सोडविल्यावर रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्याला राखीव जाडीविषयी बोलण्यास निमंत्रित करणे आणि प्रयोगशाळेत श्रवणातीत ध्वनीच्या जाडीमापकाने जुन्या पाइपचे निरनिराळ्या जागी मापन करून घेणे, हे दोन्ही उपक्रम अल्प खर्चात होण्यासारखे आहेत. परीक्षेतील प्रश्नही ‘जाडी काढा’ येथे न थांबता ‘कोणता शेड्यूल निवडाल, पहिले मापन कोठे कराल आणि पुढचे केव्हा?’ इथवर नेता येईल.

मिहामा येथील पाइपची आवश्यक जाडी ४.७ मिलिमीटर होती आणि दुपटीहून अधिक जाडीचा पाइप बसवला गेला होता. कमी पडली ती मधल्या २८ वर्षांतील एक नोंद. संहितेने मागितलेली किमान जाडी पाइपने त्याच्या सेवेच्या अखेरच्या दिवशीही राखावयाची असते. हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसले, तर वर्गात शिकविलेल्या सूत्राचे सार्थक होईल.